सुभेदारांची केबिन बॅग

ईश्वरी : पप्पा, ह्या चारही पँट एकाच रंगाच्या आहेत.

नागनाथ : मंग? एक मळली तर दुसरी तीच पाहिजे की. बदलली हे कुणाला कळता कामा नये.

ईश्वरी : पण कळायलाच पाहिजे ना, पप्पा! नाहीतर लोकांना वाटेल, हा माणूस तीन दिवस बेंगलोरला एकच पँट घालून फिरला.

सुनेत्रा : मी फौजी कॅन्टीनमध्ये तेव्हाच म्हटलं होतं, अहो, एक तरी निळी घ्या. तर म्हणाले, कशाला, ही करडीच टिकाऊ आहे. टिकाऊ! माणूस नोकरीच्या मुलाखतीला चाललाय का खंदक खणायला?

नागनाथ : सुनेत्रा, तू जरा भाकरीकडं बघ.

सुनेत्रा : भाकऱ्या झाल्या. आता तुमच्याकडंच बघते.

ईश्वरी : ऐका ना दोघं. उद्या सकाळची जयपूरहून फ्लाइट आहे. हॉटेल कंपनीनं तिकीट पाठवलंय, पण त्यात फक्त केबिन बॅग. सात किलो. मतलब कपडे थोडेच न्यायचे, पण असे, की कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालला पाहिजे. पहिल्या दिवशी इंटरव्ह्यू, दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत डिनर, तिसऱ्या दिवशी त्यांचं गोदाम बघायचं. तीन जागा, तीन लुक, एक बॅग.

नागनाथ : त्यांनी ड्रेस काय सांगितलाय ते बोल. उगं अंदाजानं नको.

ईश्वरी : मेलमध्ये लिहिलंय. स्मार्ट कॅज्युअल.

नागनाथ : हे काय असतंय? नंबर काय त्याचा?

ईश्वरी : नंबर नसतो त्याला.

नागनाथ : नंबर नसंल तर माणसानं घालायचं काय? आमच्याकडं रोज संध्याकाळी ऑर्डर निघायची, उद्याचा ड्रेस अमुक. शर्टाच्या बाह्या वर का खाली, तेसुद्धा तारखेनं ठरायचं. थंडी वाजो न वाजो.

सुनेत्रा : म्हणून तर रिटायर झाल्यापासून रोज सकाळी कपाट उघडून उभे राहतात, आणि मला विचारतात, आज काय आहे? मी म्हणते, आज मंगळवार आहे.

ईश्वरी : स्मार्ट कॅज्युअल म्हणजे, कसं सांगू... एकदम फॉर्मल पण नाही आणि घरातला पण नाही.

सुनेत्रा : नीटनेटकं, पण चेहऱ्याला इस्त्री केल्यासारखं नाही. एवढं सोपं आहे.

नागनाथ : सोपं कसं? मला चेहरा एकच हाय. बरं, हे बघ, तुमचं ते लुक-बिक असू दे. मी माझा ब्लेझर नेतो. पलटणीचा. पितळी बटणं मी सकाळीच घासून ठेवलीत. वर टाय. त्याच्यापुढं कुणी काय बोलत न्हाई.

सुनेत्रा : तो ब्लेझर नाही.

नागनाथ : का?

सुनेत्रा : का ते तुम्हाला ठाऊक आहे.

नागनाथ : न्हाई. बोल की.

सुनेत्रा : बोलते. मागच्या मुलाखतीला तोच घालून गेला होतात ना? त्या कारखान्यात? काय झालं तिथं?

नागनाथ : चांगलं झालं. सगळे उठून उभे राहिले.

सुनेत्रा : पुढं?

नागनाथ : टाळ्या वाजवल्या. एकानं सॅल्यूट केला. चुकीचा होता, पण केला.

ईश्वरी : मला हे सांगितलं नव्हतं कोणी.

सुनेत्रा : पुढं सांगा की तिला.

नागनाथ : माझ्यासोबत सगळ्यांनी फोटो काढले. मोठा साहेब म्हणाला, आपल्यामुळं आम्ही सुखानं झोपतो. चहा पाजला. आणि म्हणाला, सुभेदारसाब, आमच्या गेटवर तुमच्यासारखाच माणूस पाहिजे.

ईश्वरी : पण तुम्ही तर स्टोअरच्या मॅनेजरसाठी अर्ज केला होता!

नागनाथ : अर्ज त्यांच्या पुढ्यातच होता, ईशू. उघडलासुद्धा नव्हता. माझे बिल्ले बघितले, बटणं बघितली, झालं. गेटवरचं काम वाईट न्हाई, माझ्या हाताखालची कितीतरी चांगली पोरं आज गेटवर हायत. पण मी क्वार्टर मास्टरकडं होतो. अख्ख्या पलटणीची सुईपासून तंबूपर्यंत सगळी चीज माझ्या हाताखालनं गेली. ते कुणी विचारलंच न्हाई. लई लागलं मला.

सुनेत्रा : घरी येऊन जेवला नव्हता हा माणूस. मला म्हणाला, पोट बिघडलंय.

ईश्वरी : म्हणजे उद्याचं जे आहे, ते...

सुनेत्रा : उद्याचं गेलं तर पुन्हा कुठं अर्ज करणार नाही म्हणतात. कायमचे प्रताप नगरच्या बागेत जाऊन बसणार, पेपर घेऊन. मी ओळखते ना. एकदा हे बाकावर बसले, की तिथून यांना उठवायला रणगाडा लागंल.

नागनाथ : तसं मी बोललो न्हाई.

सुनेत्रा : झोपेत बोललात.

ईश्वरी : ओके. मग ब्लेझर कॅन्सल. टाय कॅन्सल. पप्पा, मला फक्त अर्धा तास द्या. मी दिवसभर कपडेच बघते, माझं कामच ते आहे. बघा, गडद निळी पँट. ही दुसरी, बिस्किटाच्या रंगाची. पांढरा शर्ट. हे बिनबाह्यांचं जॅकेट, डिनरसाठी. बूट ब्राऊन.

नागनाथ : ब्राऊन? ब्राऊन बूट पीटीला असतात.

ईश्वरी : हे लेदरचे आहेत, पप्पा!

नागनाथ : रंग तोच हाय ना? बरं, चल. आणि हे काय?

ईश्वरी : हा शर्ट.

नागनाथ : त्याच्यावर फुलं हायत.

ईश्वरी : बुट्टी आहे. सांगानेरी छापा, आमच्याच कंपनीत हातानं छापलेला. किती छोटी आहे बघा ना, लांबून तर फक्त निळा दिसतो.

नागनाथ : लांबनं. आणि जवळनं फुलं. अगं, मी जवानांच्या शर्टाचं एक बटण उघडं दिसलं तरी माघारी पाठवायचो. आता मीच बागेसारखा फुलून जाऊ मुलाखतीला?

सुनेत्रा : बागेत जाऊन बसण्यापेक्षा बाग अंगावर घेतलेली बरी.

नागनाथ : तुझं आपलं काहीतरीच.

ईश्वरी : एकदा घालून तर बघा. प्लीज. नाही आवडला तर मी गप बसेन.

सुनेत्रा : ही गप बसणार म्हणतेय, तेवढ्यासाठी तरी घाला.

नागनाथ : हं. आण तो इकडं. खोलीत कुणी यायचं न्हाई.

ईश्वरी : मम्मी, पप्पांनी कधीच स्वतःसाठी कपडे घेतले नाहीत का?

सुनेत्रा : कधी घेणार? पोरसवदा होते तेव्हा भरती झाले. तिथं सरकारनं दिले. लग्नात माझ्या वडलांनी दिले. पुढं दिवाळीला मी आणायचे, ते मुकाट्यानं घालायचे. तुला काय आवडतं, असं या माणसाला कुणी विचारलंच नाही कधी. मीसुद्धा नाही बघ. अहो, झालं का? बटणं सापडेनात का काय?

नागनाथ : आलो. हसायचं न्हाई आधीच सांगतो.

ईश्वरी : ओ माय गॉड.

नागनाथ : बघ, म्हटलं होतं ना.

ईश्वरी : नाही, पप्पा, मतलब... मम्मी, बघ ना!

नागनाथ : काय गं? तू का गप? वाईट दिसतंय का?

सुनेत्रा : थांबा जरा. बघू द्या.

नागनाथ : अगं बोल की.

सुनेत्रा : काय बोलू? तुम्हाला आता बेंगलोरला एकटं पाठवायचं का नाही, याचा विचार करतेय.

नागनाथ : पोरीपुढं काय बोलतेस!

ईश्वरी : मी काही ऐकलं नाही. कॉलर सोडा, पप्पा, वरचं बटण उघडं ठेवा. उघडं! आता आरशात बघा. कसं वाटतं?

नागनाथ : कुणी दुसराच माणूस दिसतोय. बरा हाय. चांगल्या घरचा वाटतोय.

सुनेत्रा : चांगल्या घरचाच आहे तो.

नागनाथ : मोठा खिसा असता तर बरं झालं असतं. पण चालंल. हा राहू दे बॅगेत.

ईश्वरी : येस! थांबा, मी बॅग आणते. माझी नवीच घेऊन जा, ती पिस्ता कलरची, मी अजून वापरली पण नाही... पप्पा! पप्पा, हे काय आहे?

नागनाथ : काय?

ईश्वरी : माझी बॅग! माझ्या नव्या बॅगवर हे पांढरं काय लिहिलंय?

नागनाथ : नाव लिहिलंय. रँक, नंबर, नाव. सकाळी तू ऑफिसला गेल्यावर केलं. सरळ आलंय ना? स्टेन्सिल माझी जुनीच हाय.

ईश्वरी : इतकी महाग बॅग! मी माझ्या पहिल्या बोनसमधून घेतली होती! तुम्ही त्यावर पेंट केलं? ब्रशनं?

नागनाथ : अगं, हरवली तर? गाडीत शंभर पेट्या सारख्या असतात.

ईश्वरी : ही केबिन बॅग आहे, पप्पा! ती आपल्या डोक्यावर असते! ती कुठे जाणार, विमानातून उतरून?

सुनेत्रा : जित्याची खोड. फौजेतल्या काळ्या पेट्या रंगवून रंगवून हाताला सवय लागलीय. परवा माझ्या पिठाच्या डब्यापाशी घुटमळत होते, मी हाकललं.

नागनाथ : चुकलं माझं. ईशू, रडू नको. मी नवी घेऊन देतो.

ईश्वरी : मी रडत नाहीये. मला राग आलाय.

सुनेत्रा : दाखव इकडं. काय लिहिलंय? सुभेदार. मग हा भलामोठा नंबर. मग नागनाथ गरड. अहो, एक विचारू?

नागनाथ : विचार.

सुनेत्रा : ही बॅग ओढत तुम्ही त्या ऑफिसात शिरणार. तुमचं तोंड बघायच्या आधी लोक बॅग बघणार. त्यांनी पहिलं काय वाचायचं? ब्लेझर घरी ठेवला, आणि तोच बॅगेवर लिहून न्यायचा? पुन्हा टाळ्या वाजवतील, अहो. पुन्हा गेट दाखवतील.

नागनाथ : ते खोटं न्हाई लिहिलेलं. कमावलेलं हाय.

सुनेत्रा : कमावलंय म्हणूनच म्हणते. कुणाला वाचून दाखवायची गरज नाही त्याची. मला अभिमान नाही का? गावात मी तुमचं नाव सुभेदार लावल्याशिवाय घेत नाही. पण उद्या त्यांना सुभेदार नकोय. त्यांना सामान सांभाळणारा माणूस पाहिजे, आणि तो तुमच्यात आहे. तो दिसू द्या की.

ईश्वरी : मम्मी, राहू दे. मी वरून स्टिकर लावते.

नागनाथ : न्हाई. रंग अजून कच्चा हाय. ब्रशच्या डब्यापाशी टर्पेंटाइन हाय, ते आण. आणि जुना फडका.

ईश्वरी : पप्पा, खरंच राहू द्या. मी उगाच ओरडले.

नागनाथ : आण म्हणतो ना.

सुनेत्रा : आण, बाळा.

नागनाथ : हं. धर जरा. रँक गेली. बघ, पहिल्याच पुसण्यात गेली.

ईश्वरी : नंबर पण पुसता?

नागनाथ : नंबर मला पाठ हाय. पुसला म्हणून जातोय होय? हे असं. आता नाव राहू दे. नुसतं नाव. चालंल ना तुझ्या बॅगेवर?

ईश्वरी : चालेल. बॅग तुमचीच आता. अक्षर तसं मस्त आहे, पप्पा. सगळी एका लाइनीत.

नागनाथ : कसं दिसतंय गं सुनेत्रा? उघडं-उघडं वाटतंय.

सुनेत्रा : शाळेच्या दाखल्यावर होतं तसं दिसतंय. आईबापांनी ठेवलेलं. चांगलं आहे.

नागनाथ : चला, भरा आता.

ईश्वरी : मी भरते. तुम्ही बसा. जॅकेट खाली, त्यावर पँट, शर्ट, मग हे, मग हे... टॉवेल, नाइट ड्रेस, चार्जर. बस, आता चेन. मम्मी, जरा वरून दाब ना. बस ना वर.

सुनेत्रा : मी बसले तर चेन लागंल, पण चाकं जातील.

ईश्वरी : थोडीच राहिलीये. एक मिनिट... नाही होत.

नागनाथ : उठा. दोघीपण उठा. माझ्याच्यानं बघवंना झालंय.

ईश्वरी : पप्पा, मी व्हिडिओ बघून केलंय, सगळे असंच करतात.

नागनाथ : सगळं बाहेर काढ. सगळं. पलंगावर मांड, सुटं सुटं. डोळ्याला दिसल्याशिवाय भरायचं नसतं. हं. आता सांग, तिथं उतरल्यावर पहिलं काय लागणार?

ईश्वरी : हॉटेलवर जाऊन अंघोळ... टॉवेल?

नागनाथ : हॉटेलात टॉवेल न्हाई का?

ईश्वरी : असतो.

नागनाथ : मंग हा जाऊ दे कपाटात. बूट मी पायात घालतो, जॅकेट अंगात. जड ते अंगावर, हलकं ते पिशवीत. आता पँटा. कमरेकडची बाजू बॅगेत, पाय बाहेर लोंबते ठेवायचे. त्याच्यावर शर्ट. तिसऱ्या दिवसाचा तळाला, दुसऱ्या दिवसाचा त्याच्यावर, पांढरा सगळ्यात वर. आता पँटांचे पाय आत घे, शर्टांवरनं. घडी कशावर मोडंल सांग? जागाच न्हाई मोडायला. मोजे कोपऱ्यात. कोपरा रिकामा ठेवणं म्हंजी गुन्हा. वायर वाटीसारखी गुंडाळ, तशी न्हाई, अशी.

सुनेत्रा : ऐकतेस ना? आवाज कसा खुलला बघ.

ईश्वरी : पप्पा, फौजेत पण तुम्ही असंच भरायचे?

नागनाथ : तिथं शर्ट न्हाई, पलटण भरायची असायची. एकदा आम्ही ह्याच राजस्थानातनं वर डोंगरात निघालो. अख्खी मालगाडी. तंबू, पलंग, दप्तर, पोरांच्या पेट्या. सगळं चढलं, आणि सगळ्यात शेवटी मी चहाचे डेगचे चढवले, अगदी दाराशी. एक तरणा साहेब ओरडायला लागला, दाराशी दप्तर पाहिजे, डेगचे काय ठेवता? मी म्हटलं, साहब, पोरं थंडीत बसून येणार. उतरल्या उतरल्या त्यांना दप्तर नको, चहा पाहिजे. चहा पोटात गेला की तीच पोरं दप्तर पण उतरवतील, न सांगता.

ईश्वरी : मग?

नागनाथ : मग काय. पोचलो तेव्हा बर्फ पडत होतं. दार उघडलं, पहिला डेगचा खाली. पहिला कप साहेबानंच घेतला. सगळा माल अंधार पडायच्या आत उतरला.

ईश्वरी : पप्पा, तिथे हेच सांगा.

नागनाथ : हे? हे काय सांगण्यासारखं हाय? चहाची गोष्ट?

ईश्वरी : हॉटेलवाले आहेत ते! दमून आलेल्या माणसाला आधी काय द्यायचं, हेच तर त्यांचं काम आहे!

सुनेत्रा : मागच्या वेळी काय सांगितलं होतं तुम्ही?

नागनाथ : सेवा, शिस्त, निष्ठा.

सुनेत्रा : मग टाळ्याच मिळणार की.

नागनाथ : हं. बघ, चेन लागली. एका बोटानं.

ईश्वरी : जादू आहे ही! आणि बघा, जागा पण उरली वर.

सुनेत्रा : मग शेंगाची चटणी बसते.

ईश्वरी : मम्मी!

नागनाथ : चटणी नको. कपाटातला माझा आकाशी शर्ट टाक.

ईश्वरी : पण तीन दिवसांचे तीन झाले ना, मी हिशोब करून काढलेत.

नागनाथ : स्टोअरमध्ये एक तरी नग शिल्लक पाहिजेच. टाक.

(चौथ्या दिवसाची दुपार. नागनाथ विमानतळावरून घरी आला आहे. अंगात निळा छाप्याचा शर्ट, वरचं बटण उघडं.)

सुनेत्रा : आधी आत या. नाही, आधी सांगा. नाही, या आत.

नागनाथ : पाणी दे.

सुनेत्रा : पाणी मिळणार नाही. फोन केला की आपलं एकच, आल्यावर सांगतो, आल्यावर सांगतो.

ईश्वरी : मी ऑफिसातून सुट्टी घेतलीये, पप्पा. बोला ना!

नागनाथ : सुट्टी घेतलीस, बरं केलंस. मला सोमवारपासनं मिळणार न्हाई.

सुनेत्रा : म्हणजे?

नागनाथ : म्हंजी झालं. राजस्थानातली त्यांची सगळी हॉटेलं. चादरीपासनं चमच्यापर्यंत, सगळा माल माझ्या ताब्यात. ऑफिस इथंच, जयपुरात.

ईश्वरी : पप्पाऽऽ!

नागनाथ : अगं, अगं, पडंन मी! सुनेत्रा, तू का रडतेस?

सुनेत्रा : रडू द्या मला. वर्षभर दाबून ठेवलंय. बागेतला तो बाक माझ्या स्वप्नात यायचा. घ्या, पाणी घ्या. आणि फोनवर का नाही सांगितलंत?

नागनाथ : तुमची तोंडं बघायची होती.

ईश्वरी : पहिल्यापासून सांगा. सगळं. कपड्यांपासून.

नागनाथ : कपड्यांपासनंच सुरू झालं सगळं. आम्ही चौघं होतो शेवटच्या फेरीला. त्यात योगेश म्हणून दिल्लीचा एक पोरगा, लई शिकलेला. एवढी थोरली बॅग आणलेली, सात सूट असतील. ती विमानात खाली दिलेली, आणि बॅग गेली भलत्याच गावाला. सकाळी बघतो तर बिचारा हॉटेलात टी-शर्टवर बसलेला, तोंड उतरलेलं. दुकानं उघडायची होती अजून.

सुनेत्रा : मग?

नागनाथ : मग मी त्याला आकाशी शर्ट इश्यू केला.

ईश्वरी : इश्यू केला!

सुनेत्रा : अहो, तो तुमच्याच जागेसाठी आला होता ना?

नागनाथ : असंल. पण उघड्यावर कसं सोडणार? शर्ट माझ्या कुठल्याही पँटवर चालतो, त्याच्या पँटवर पण चालला. ईशूची शिकवण.

सुनेत्रा : सही घेतलीत का त्याची?

ईश्वरी : पप्पा, नाही ना?

नागनाथ : सवय हाय गं. त्यानं हसत हसत केली. आणि माझ्या आधी आत गेला तर गड्यानं आतच सांगितलं, शर्ट बाहेर बसलेल्या गरडसाहेबांचा हाय म्हणून. मी आत शिरलो तर तिथल्या मोठ्या मॅडम, मधुवंती नाव त्यांचं, हसून म्हणाल्या, तुमचं स्टोअर तर सुरूसुद्धा झालं.

ईश्वरी : आणि चहाची गोष्ट सांगितली?

नागनाथ : सांगितली. तर मुलाखत घेणाऱ्यांतला एक चष्मेवाला म्हणाला, हे पटत नाही. हॉटेलचं सामान आलं तर आधी चादरी उतरवल्या पाहिजेत, चहा बाहेरनं मागवता येतो. मी म्हटलं, बाहेरचा चहा देऊन काम करून घेणारा माणूस मालाला परका असतो. तो म्हणाला, कसं? मी म्हटलं, पोरांचा चहा आपण केला, तर पोरं माल आपला समजून उतरवतात. मॅडमपण त्यात पडल्या. मुलाखत घेणारे सगळे एका बाजूला, मी एका बाजूला. लई वेळ चाललं. मधी एकदा मी टेबलावर हात आपटला.

सुनेत्रा : अगंबाई!

नागनाथ : हळू आपटला. चादरींचं त्याचं एक म्हणणं बरोबर होतं, ते मी मानलं. बाकीचं त्यांनी मानलं. पण गंमत बघ, कुणी उठून उभं राहिलं न्हाई. माझ्या देशसेवेबद्दल एक अक्षर न्हाई. सरळ भांडले माझ्याशी, कामावरनं. असं बरं वाटलं मला, काय सांगू.

ईश्वरी : आणि डिनरला? हा शर्ट घातला?

नागनाथ : घातला. वर जॅकेट. मॅडमनी विचारलं, सुंदर आहे, कुणाचा?

ईश्वरी : काय सांगितलं? आमच्या कंपनीचं नाव सांगितलं ना?

नागनाथ : म्हटलं, माझा.

सुनेत्रा : शाब्बास.

ईश्वरी : आणि त्या योगेशचं काय?

नागनाथ : त्याला दुसरीकडं मिळंल, हुशार हाय. शर्ट धुऊन, इस्त्री करून पाठवतो म्हणालाय. पाठवंल. चांगलं पोरगं.

सुनेत्रा : येताना तरी विमानात नीट बसलात का? का तिथल्या एअर होस्टेसलाच सावधान करून सोडलंत?

नागनाथ : खिडकी मिळाली होती. शेजारी एक माणूस, जयपूरचाच. बसल्या बसल्या म्हणाला, भाईसाब, आप क्या करते हैं?

सुनेत्रा : मग सांगितलंत की नाही ताठ मानेनं, सुभेदार आहे म्हणून?

नागनाथ : ओठावर आलं होतं. पण म्हटलं, होटलों में काम करता हूँ. सामान देखता हूँ.

ईश्वरी : मग? तो काय बोलला?

नागनाथ : 'अच्छा' म्हणाला, आणि डोळे मिटून झोपला.